कोरड्या बोअरचा फोटो कुणी टाकत नाही

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा भरत नाही. पण ५ जूनला सकाळी दहाच्या सुमाराला जिल्ह्यातल्या कुणाचंही व्हॉट्सॲप स्टेटस उघडा, नुसतं हिरवंगार. प्रत्येक फोटोत एक रोप, रोपाला हात लावलेले नऊ जण, मधोमध साहेब, साहेबांच्या हातात झारी, आणि रोप अजून काळ्या पिशवीतच. पिशवी काढून चालत नाही. पुढच्या विभागाच्या फोटोला तेच रोप लागतं. खाली अक्षांश-रेखांशाची पट्टी असते. झाड कुठं लावलं हे उपग्रहाला कळतं. ते कुठं गेलं हे शेळीला.

राज्यानं २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडं लावायचं ठरवलं. मग ४ कोटी, मग १३ कोटी, मग २०१९ ला थेट ३३ कोटी. पाढा छान म्हटला. ती सगळी जगली असती तर आज औशाहून लातूरला यायला कोयता घेऊन वाट काढावी लागली असती. तरी खरं तेही सांगायला पाहिजे: लातुरात ग्रीन लातूर वृक्ष टीम नावाची मंडळी रोज सकाळी खोरं-टिकाव घेऊन निघतात, आळी करतात, पाणी घालतात. अशा माणसांमुळं सदर लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

असो. विषय शाश्वत विकासाचं ज्ञान ऑनलाइन वाटण्याचा आहे आणि ते आमच्याकडं महापुरासारखं वाहतंय.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ च्या सप्टेंबरात शाश्वत विकासाची १७ ध्येयं ठरवली, मुदत २०३०. दिल्लीनं ती ग्रामपंचायतींसाठी नऊ संकल्पनांत बसवली: गरिबीमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, स्वच्छ व हरित गाव, महिलास्नेही गाव, वगैरे. न्यूयॉर्कहून निघालेली गोष्ट कंधार-मुखेडपर्यंत पोचली, यात वाद नाही. रंगीत चौकोनांचा फलक पंचायतीच्या भिंतीवर लागला. फलकाखालच्या रांजणात पाणी आहे का, हा दहावा विषय झाला. तो यादीत नाही.

राज्यानंही मागं राहायचं नाही म्हणून २०२० च्या २ ऑक्टोबरला ‘माझी वसुंधरा’ अभियान काढलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश, पंचमहाभूतांना गुण. त्यात ई-शपथही आली. पूर्वी शपथ घ्यायला हात पुढं करून उभं राहावं लागायचं, लाज वाटायची. आता आडवं पडून अंगठ्यानं घेता येते. शॉवरखाली फोन चालत नाही म्हणून, नाहीतर पाणी वाचवायची शपथ तिथंही घेतली असती.

हे सगळं ज्ञान ऑनलाइन चढवतं कोण? सरपंच नाही, ग्रामसेवक नाही. (ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, चाव्या त्याच आहेत.) चढवतो तो संगणक परिचालक, गावाच्या भाषेत ऑपरेटर. वर्षानुवर्षं सहा-सात हजारांच्या मानधनावर राबलेला, तेही महिनोन् महिने थकलेलं, मग आझाद मैदानावर आंदोलन, मग परत खुर्चीत. आमच्या जिल्ह्यांतलं शाश्वत विकासाचं निम्मं साहित्य ह्या माणसाच्या दोन बोटांतून उतरलंय. अशाच एका पंचायतीत दुपारी गेलं की संवाद साधारण असा होतो:

“काय चाललंय?”

“जलसमृद्ध गाव भरायलोय.”

“भरलं का?”

“नव्वद टक्के भरलं, सर. मग सर्व्हर गेला.”

गावचा आराखडा ई-ग्रामस्वराजवर जातो. ग्रामसभेची चित्रफीत ‘निर्णय’ नावाच्या ॲपवर जाते, म्हणून बायकांना पहिल्या रांगेत बसवतात आणि चित्रीकरण झालं की त्या उठतात, घरी भाकऱ्या आहेत. “आराखडा नवीन केला का?” म्हणावं तर ऑपरेटर मान वर न करता सांगतो, “तोच हाय की. साल तेवढं बदलायलोय.” बिचाऱ्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. गावात वर्षभरात सालच तेवढं बदललेलं असतं.

मुद्दा असा की हे सगळं वर जातं. फोटो वर, चित्रफीत वर, आराखडा वर. खाली काय येतं? ‘तातडीचे’ असा शिक्का मारलेलं पत्र, की अमुक तालुका भरण्यात मागं आहे.

दाखवण्याजोगं ज्ञान आणि कामाचं ज्ञान यातला फरक लातूरनं २०१६ ला उघड्या डोळ्यांनी पाहिला. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली: दहा वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. पुढं ५० वाघिणी झाल्या. रेल्वेच्या फोटोनं जगभर प्रवास केला. घागर भरायला रात्री दोनला उठणाऱ्या बाईचा तेवढा झाला नाही. त्याच एप्रिलात तेव्हाच्या जलसंधारण मंत्री पंकजा मुंडे यांनी साईच्या बंधाऱ्याजवळ मांजरेच्या चरासोबत सेल्फी काढून ट्विटरवर टाकला आणि देश त्यांच्यावर तुटून पडला. मला तेव्हाही हे थोडं अन्यायाचं वाटलं. चर खरा होता, काम खरं होतं, त्या म्हणाल्याही की ह्याच्यानं लातूरला दिलासा मिळेल. आणि त्यांना नावं ठेवणाऱ्यांतल्या किती जणांनी आपल्या हौसिंगच्या बोअरसोबत सेल्फी काढला नव्हता? शिवाय लातूरकरांनी स्वतः वर्गणी काढून साई-नागझरी पट्ट्यातला गाळ उपसला. वर्गणीचा आकडा, उपशाचे किलोमीटर, रोजचा हिशोब लोकांच्या फोनवर फिरत होता. ऑनलाइन ज्ञानानं त्या वर्षी खरोखर काम केलं. का केलं? कारण तहान लागली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरून वाहिलं आणि गटांवर पुन्हा ‘शुभ सकाळ’ सुरू झालं.

राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेचं ज्ञान मात्र दाखवण्याजोगं. कामाआधीचा फोटो, कामानंतरचा फोटो, दोन्ही अक्षांश-रेखांशासह. २०२० मध्ये कॅगनं लिहून ठेवलं की ९,६३३ कोटी ७५ लाख खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही. कॅगनं तपासले ते सहा जिल्हे. शेजारचे बीड आणि सोलापूर त्यात होते, लातूर-नांदेड नव्हते. म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. ज्याचं तपासलं नाही ते यशस्वी, हा लातूर पॅटर्न नाही, पण होऊ शकतो.

पॅटर्नवरून आठवलं. आमच्याकडं अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहे. त्याचा प्रकल्प टेलिग्रामवर पीडीएफमध्ये मिळतो, आभारप्रदर्शनासकट. ज्या पोरांनी ‘भूजल पुनर्भरण’ हा प्रकल्प उतरवून काढला त्यांच्या वसतिगृहाला पाणी टँकरनं येतं. पोरांचं काय चुकलं? नीटला तो विषय नाही.

आता बोअर. ह्या सदराची खरी जागा बोअरलाच द्यायची होती.

भूजल अधिनियम २००९ च्या भाषेत ६० मीटरला पोचली की ती ‘खोल विहीर’. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. आमच्याकडं २०० फुटांवर बोअरच्या गाडीवाला चहाला थांबतो. काम त्यानंतर सुरू होतं. आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून शेत पालथं घालतो. नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची खूण. मग गाडी लागते, बहुतेक वेळा तमिळनाडूची. फुटाला ठरलेला दर. मालक बांधावर उकिडवा बसलेला, घरचं पोर मोबाईल धरून उभं, पाणी लागलं की लाइव्ह जायचं म्हणून. तीनशे, चारशे. फुफाटा. गाडीवाला मोडक्या हिंदीत विचारतो, और सौ मारें? मालक बायकोकडं बघतो. बायको दुसरीकडं बघते. मारा. साडेपाचशे. फुफाटा. पोरगं मोबाईल खिशात घालतं.

पाणी लागलं असतं तर? अडीच इंची पाण्याचा फवारा, त्यावर हळद-कुंकू, पेढे, चित्रफीत, मागं गाणं. ती जिल्हाभर फिरली असती आणि तिच्या जोरावर पलीकडच्या शिवारात आणखी चार गाड्या लागल्या असत्या. कोरड्या बोअरवर मात्र एक दगड ठेवतात. कुणाला सांगत नाहीत. सोसायटीचं कर्ज कळतं, पाहुण्यांत चर्चा होते, पोरीच्या सोयरिकीत विषय निघतो. पुढच्या मार्चमध्ये शेजारी त्याच दगडापासून पन्नास पावलांवर नारळ उभा करतो.

मग त्या शिवाराखाली काय आहे हे कुणाला माहीत असतं? फक्त गाडीवाल्याला. किती फुटांवर मुरूम संपला, कुठं लाल माती लागली, कुठं ओल आली आणि गेली, सगळं त्याच्या वहीत. मराठवाड्याच्या भूगर्भाचा सगळ्यात मोठा माहितीसाठा एका केबिनमध्ये, उदबत्तीच्या पुड्याखाली, तमिळ अक्षरांत पडलेला आहे आणि सध्या तो तेलंगणात गेलाय, तिकडं सीझन आहे.

शास्त्रज्ञांना माहीत आहे, नाही असं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला त्यांनी अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल भोक पाडलं. म्हणजे दोन हजार फुटांहून जास्त. आमच्यातल्या भल्याभल्या बोअरबहाद्दरांना हात टेकावे लागतील अशी ही खोली. त्यात ३३८ मीटरपर्यंत काळा बेसाल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर, त्याखाली आणखी जुना, आणखी टणक खडक. अकराशे फूट नुसता काळा पाषाण! बेसाल्टात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तसं भेगा मिटत जातात. हे साडेतीन ओळींचं ज्ञान इंग्रजी शोधनिबंधांत वर्षानुवर्षं बिनचूक पडून आहे. औसा, निलंगा, लोहा, मुखेडच्या किती बोअरगाड्यांवर ते कुणी रंगवलंय? गाड्यांवर देवांची नावं असतात. तेही बरोबरच आहे म्हणा, भरवसा त्यांचाच.

सरकारकडंही मोजणी आहे. भूजल सर्वेक्षण विभाग निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतो: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. अटल भूजल योजनेत लातूर आल्यावर काही गावांत पाण्याच्या ताळेबंदाचे फलकही रंगले, आवक इतकी, खर्च इतका, तूट इतकी. फलक चांगले आहेत, मी थांबून वाचतो. पण गावातली निरीक्षण विहीर कोणती, हे दहा जणांना विचारा. आठ जण हापसा दाखवतात, एक जण स्वतःची विहीर, आणि एक जण विचारतो, अनुदान आलंय का?

नुकसान कुणी सांगत नाही असंही नाही. २०२२ च्या जुलैत शंखी गोगलगायींनी लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडं सोयाबीन फस्त केलं. रात्रीत कोवळी रोपं गायब, दुबार पेरणी, तीही गायब. तेव्हा गटांवर जे चाललं ते खरं ज्ञानाचं वाटप होतं. एकानं लिहायचं, माझे दोन एकर गेले. दुसऱ्यानं सांगायचं, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाला टाक, रात्री त्याखाली जमतात, पहाटे वेचून मिठाच्या पाण्यात बुडव. तिसरा सांगणार, चुन्याची पट्टी ओढ. कुणी मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा हिशोब द्यायचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची पत्रकं त्या आठवड्यात जेवढी वाचली गेली तेवढी एरवी वाचली जात नसावीत. लाज कशी गेली? एक तर गोगलगाय सगळ्यांच्याच शेतात होती. आणि दुसरं, पंचनामा होणार होता. पुढं भरपाईही मिळाली. पीकविम्याच्या ॲपवर तेव्हा ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचं असायचं, तिथं आमच्या माणसाला फोटो काढायला कुणी शिकवावं लागलं नाही. मान मिळतो तिथं फोटो निघतो, पैसा मिळतो तिथं निघतो. कोरड्या बोअरला दोन्ही नाही. तिला विमा असता तर आज मराठवाड्याचा भूगर्भ घरबसल्या बघता आला असता.

हवामानाचं तर विचारू नका. परभणीच्या विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पीडीएफ. भाषा अशी: ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे.’ वाचून माणूस पेरणी करेल की छत्री घेईल, सांगता येत नाही. त्याच परभणी जिल्ह्यातून पावसाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख बोलतात: अमुक तारखेला येणार, तमुकला उघडणार, काढणी उरकून घ्या. शास्त्रज्ञ त्यांच्या पद्धतीला मान्यता देत नाहीत, शेतकरी त्यांची ध्वनिफीत पुढं ढकलतात. अंदाज चुकला तर लोक माफ करतात, कारण ते लोकांशी घरच्यासारखं बोलतात. विज्ञानाचं म्हणणं बरोबर असतं, पण ते आमच्याशी बोलताना कायम परिपत्रकातच का बोलतं? ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे आमच्या गावात की नाही, एवढं तरी सांगा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगावकडं हाहाकार केला, माणसं गेली. लातूरला रेल्वेनं पाणी आणल्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्यावर विनोद करायचा नाही.

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, त्यामुळं तिथला शाश्वत विकास जास्त देखणा. संध्याकाळी घाटावर दिवे, पाण्यात प्रतिबिंब, रील लगेच तयार. फक्त कॅमेरा जरा वर धरावा लागतो. खाली धरला की जलपर्णी येते, बाजूला नेला की नाल्याचं तोंड. नांदेडच्या पोरांना चौकटीचं ज्ञान उपजत आहे.

बरं, ऑनलाइन शिकवणं वाईट नसतं, नीट केलं तर फार चांगलं असतं. पाणी फाउंडेशननं वॉटर कपनंतर फार्मर कप काढला, त्यासोबत डिजिटल शेतीशाळा. संध्याकाळी मोबाईलवर विद्यापीठाचा शास्त्रज्ञ, समोर शेकडो शेतकरी, प्रश्न थेट. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन का पेरायचं, तर जादा पाऊस झाला की सरीतून पाणी निघून जातं आणि ओढ बसली की तिथंच मुरलेली ओल पिकाला मिळते. उगवणक्षमता घरच्या घरी शंभर दाण्यांवर कशी बघायची. फवारणीआधी पाण्याचा सामू का तपासायचा. हे असं ज्ञान खाली येतं, मातीत जातं. ह्यात साहेबांचा फोटो नसतो, हा योगायोग समजू नये.

तरीही ऊस हटत नाही. मांजरा खोऱ्यात उसाला पाणी किती लागतं हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षीही माहीत होतं. ज्ञान कमी पडलं म्हणून ऊस लागतो, हा शहरी वेबिनारवाल्यांचा गोड गैरसमज आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या आडतीत सौदा त्याच्या खाली निघत होता. लातूर बाजार समितीचा सोयाबीनचा भाव हे आमच्याकडं रोज न चुकता वाचलं जाणारं एकमेव ऑनलाइन ज्ञान आहे. तो मेसेज आला की ताटावरचा माणूस उठतो. उसाला मात्र एफआरपी, म्हणजे बांधून दिलेला दर, आहे, त्याच हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये. कारखाना उशिरा देईल, हप्त्यानं देईल, पण कायद्यानं द्यावंच लागतं. माणूस बोअर साडेपाचशे फूट मारतो ती ह्या कायद्याच्या भरवशावर, अज्ञानाच्या नाही.

मध्यंतरी अशाच एका वेबिनारात पुण्याचे तज्ज्ञ तासभर बोलले. पडद्यावर नकाशे, लाल पट्टे, बाण. शेवटी म्हणाले, आता प्रश्न विचारा. निलंग्याकडच्या एका आजोबांनी नातवाकडून माईक चालू करून घेतला.

“साहेब, सगळं पटलं. ऊस सोडतो. तेवढं सोयाबीनला एफआरपी लावून द्या की.”

पडद्यावर साहेबांचे ओठ बराच वेळ हलत होते.

“आजोबा, त्यांना सांगा,” नातू म्हणाला, “आवाज येईना झालाय.”